पात्याची ओढ

१२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. बंदरावरून टाकलेलं तुझं पत्र काल मिळालं. इकडे सगळं ठीक आहे. थंडीने बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण बाबा त्याहून जास्त कुरकुरतात, त्यामुळे गुडघ्याचं काही ऐकू येत नाही. वर्कशॉपचं छत दुरुस्त झालं. तुझी बायको मजेत आहे.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं. पण तुझा फोन आला की तो आधी वहिनीच्या हातात, मग बाबांच्या. माझ्यापर्यंत येईस्तोवर "बाकी काय, बरं" एवढंच शिल्लक राहतं. म्हणून पत्र.

वहिनी आता वर्कशॉपमध्ये नुसती लाकडाच्या पॉलिशपुरती उरलेली नाही. तू या खेपेला जहाजावर गेलास तेव्हा म्हणाली, शिवणयंत्रापाशी एकटीने बसण्यापेक्षा तुमच्यात येते. मीच म्हटलं, ये. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हे. आठ महिन्यांत ती रंध्यावरून बँडसॉच्या करवतीवर आली. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "हिच्या हाताला ताण कळतो. कापड कापलेला हात आहे." परवा तर खिळे घेऊन आलेल्या माणसालाही थांबवून सांगितलं. मी एकोणीस वर्षं त्या मशीनवर उभी आहे. माझ्या हाताला काय कळतं ते अजून जाहीर झालेलं नाही.

असो.

माळ्यावरची ती अक्रोडाची फळी तुला आठवत असेल. आई होती तेव्हापासून कापडात गुंडाळून ठेवलेली. तू एकदा तिच्यावर चढून पतंग काढलास आणि मार खाल्लास. आपल्या गल्लीच्या टोकाला गाणं शिकवणाऱ्या बाई राहतात, त्यांच्या कपाटाची दोन दारं त्या फळीतून काढायची ठरली. फळी उभी धरून मधोमध चिरायची, दोन पातळ तक्ते काढायचे आणि वहीसारखे उघडून शेजारी शेजारी लावायचे. दोन्ही दारांवर एकच नक्षी, आरशात पाहिल्यासारखी. बाबांचे हात आता थरथरतात. त्यामुळे त्यांनी काही ते काम केलं नसतं, हे मला माहीत होतं. मला वाटलं होतं, ते कोणाला सांगतील हेही मला माहीत आहे.

त्यांनी फळी खाली उतरवली, हात फिरवला आणि वहिनीला म्हणाले, "ही तू चीर."

तर ती फळी गेल्या मंगळवारी वाया गेली. पातं भरकटलं. एक तक्ता एका बाजूला पापडासारखा, दुसरा उशीसारखा. होतं असं नवख्याच्या हातून. मी कोणाला काही बोलले नाही. बाबाही बोलले नाहीत.

तुझी तब्येत सांभाळ. तिकडच्या थंडीत कान झाकत जा.

तुझी
खुंटी


२ डिसेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. सगळं पत्र खुशालीचं आणि शेवटी एकच ओळ: "पातं बदललं होतं का?"

सोळा वर्षं समुद्रावर काढलीस, पण सुताराचा मुलगा तो सुताराचाच.

मी त्या ओळीचं उत्तर द्यायचं टाळून दोन वेळा पत्र लिहायला घेतलं. एकदा छताबद्दल लिहिलं, एकदा बाबांच्या चष्म्याबद्दल. दोन्ही फाडली. आता सरळ लिहिते.

हो. बदललं होतं. मीच बदललं होतं, त्याच दिवशी सकाळी. जुनं बोथट झालं होतं.

तू विसरला असशील म्हणून सांगते. फळी उभी चिरताना तिला टेकायला जी उंच भिंत लावतो, ती फेन्स, तिचा तिरकेपणा आदल्या पात्यासाठी लावलेला होता. प्रत्येक पात्याची ओढ वेगळी. कोणी डावीकडे ओढतं, कोणी उजवीकडे. नवं पातं चढवलं की टाकाऊ तुकड्यावर सरळ रेघ मारायची, ती रेघ धरून हाताने कापत जायचं, अर्ध्यात थांबायचं, आणि तो तुकडा ज्या तिरकेपणाने उभा असेल त्याच तिरकेपणाने फेन्स लावायची. पाच मिनिटांचं काम. मी ते झोपेतही करते. त्या दिवशी केलं नाही.

विसरले म्हणून नव्हे. मी टाकाऊ तुकडा हातात घेतला होता. रेघही मारली होती. तेवढ्यात बाबा आत आले आणि वहिनीला म्हणाले, "घाई करू नकोस. तुझ्या हातून नीटच होणार." मी तुकडा परत पेटीत टाकला.

मग वहिनीने मला विचारलं. हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही. फळी फेन्सला टेकवून, मशीन सुरू करायच्या आधी मागे वळून तिने विचारलं, "खुंटे, फेन्स बघितलीस ना?"

मी म्हटलं, "बघितली."

बघितली होती हे खरंच होतं, दादा. बघितली होती आणि चुकीची आहे हे मला दिसलं होतं.

मी वॉर्निशचे डबे लावत पाठ करून उभी राहिले. पहिलं वीतभर ठीक गेलं. मग आवाज बदलला. तुला माहीत आहे तो, पातं लाकडात वाकायला लागलं की कण्हल्यासारखा येतो तो. मला वाटलं, फळी बिघडेल, बाबा बघतील, आणि मग पुढच्या वेळी ते मला सांगतील. एवढंच वाटलं. अगदी एवढंच, शपथेवर सांगते. फळीच्या पलीकडे तिचा हात आहे हे माझ्या मनात आलंच नाही. फळी फेन्सला दाबून धरायला तिथे डावा पंजा असतो, हे जगात कोणाला माहीत असायला हवं तर मला.

पातं फळीच्या अंगातून बाहेर आलं ते तिच्या तळहाताशी. चार टाके पडले. अंगठ्याखाली. बोटं हलतात, डॉक्टर म्हणाले, नशीब. तिनेच मला बजावलं, "त्यांना कळवू नकोस, तिकडे एकटे असतात, उगाच जीव टांगणीला लागेल." म्हणून फोनवरही ती तुझ्याशी हसत बोलली. दवाखान्यात मी तिच्या शेजारी बसले होते. बाबांना म्हणाली, "माझंच चुकलं, मी जोर लावला." मी तेव्हाही गप्प.

आता तू मला काय म्हणायचं ते म्हण. मी अजून तिला सांगितलेलं नाही. तुला आधी सांगते आहे, कारण तू लांब आहेस. इतकी भित्री आहे मी.

खुंटी


२३ डिसेंबर

प्रिय दादा,

तुझं उत्तर अजून आलेलं नाही. वाट बघून आता लिहिते.

मी तिला सांगितलं. रविवारी, वर्कशॉप बंद असताना. ती पट्टी सोडलेल्या हाताने मूठ मिटून उघडून बघत होती. मी सगळं सांगितलं, तुकडा पेटीत टाकला तेही. शेवटी तिने एकच विचारलं.

"हात कापेल असं वाटलं होतं तुला?"

"नाही."

"फळी जाईल असं?"

"हो."

तिने चहाचा कप तसाच ठेवला आणि उठून गेली. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला जवळ घेईल. लोक गोष्टींत घेतात तसं. तिने चार दिवस माझ्याशी एक शब्द काढला नाही. जेवताना मीठ हवं असलं तर बाबांना मागायची, आणि मीठ माझ्यासमोर. बाबा बिचारे मिठाची ने-आण करत राहिले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "काय झालंय दोघींचं?" मी त्यांनाही सांगितलं. एकदा तोंड उघडलं की उघडंच राहतं.

बाबांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "पातं नवीन आहे हे मला आवाजावरून कळलं होतं."

"मग थांबवलं का नाहीत?"

"तू चढवलंस ना ते? म्हटलं, ओढ काढलेली असेल. तुझं काम मी कधी तपासायला येतो का?"

दादा, एकोणीस वर्षं मला वाटत होतं, बाबा माझ्या मशीनकडे फिरकत नाहीत कारण त्यांना माझ्या कामात रस नाही.

मी म्हटलं, "तसं एकदा तोंडाने म्हणायचं होतं, बाबा."

"तुला सांगायला लागतं असं मला वाटलं नाही."

"लागतं. मला लागत होतं. तिला दिवसातून दहादा म्हणता."

"ती नवी आहे. घाबरते. तू कुठे घाबरतेस?"

"घाबरते," मी म्हटलं. "तुम्ही तिला फळी दिलीत तेव्हा घाबरले."

माझ्या डोक्यावर हात ठेवायला त्यांनी तो उचलला, आणि थरथरायला लागला म्हणून परत खिशात घातला.

गाणं शिकवणाऱ्या बाईंना जाऊन मीच सांगितलं की फळी माझ्यामुळे गेली. त्या म्हणाल्या, दारं साध्या लाकडाची करा, मला कपडेच ठेवायचेत. मी गेल्या आठवड्यात बीचच्या साध्या लाकडाची करून दिली. चांगली झाली आहेत, पण एकमेकांचा आरसा नाहीत.

पाचव्या दिवशी सकाळी वहिनी बँडसॉपाशी येऊन उभी राहिली. हातात टाकाऊ तुकडा आणि पेन्सिल.

"ओढ कशी काढतात ते मला दाखव," ती म्हणाली. "आणि एक ऐकून ठेव. यापुढे तू बघितली म्हणालीस तरी मी स्वतः बघणार."

मी दाखवलं. दोनदा तिची रेघ सुटली, तिसऱ्यांदा जमलं. फेन्स तिनेच आवळली. जखमेचा हात अजून पुरता आवळत नाही, तेव्हा शेवटचा अर्धा फेरा मी दिला, तिने देऊ दिला.

तेव्हापासून रोज असंच चाललं आहे. मी मशीन तयार करते, बाजूला होते, आणि ती येऊन मोजपट्टी लावून पहिल्यापासून सगळं तपासते. पातं, फेन्स, तुकड्यावरचा काप. मी शेजारी हात बांधून उभी राहते. आत काय होतं ते तुला सांगता येणार नाही. एकोणीस वर्षांनी कोणीतरी माझं काम तपासतंय, आणि ते असं.

आम्ही बोलतो आता. कामापुरतं, आणि कधी कधी बाबांच्या कुरकुरीवर हसण्यापुरतं. त्यापुढचं मी मागत नाही.

तू मला चांगली समजू नयेस म्हणून हेही लिहिते. काल तिने सागाचा तक्ता चिरला, तळापासून वरपर्यंत एकसारखा. बाबा "शाबास" म्हणाले, मग माझी आठवण होऊन घाईघाईने माझ्याकडे वळून म्हणाले, "तूही हं." मला हसू आलं, आणि तीच जुनी असूयाही जागी झाली. ती गेलेली नाही, दादा. जाईल असं वाटतही नाही. पण मी पाठ करून उभी राहिले नाही. तो तक्ता हातात घेतला, उजेडात धरला आणि तिला म्हटलं, "छान चिरलास." तोंडातून निघायला फार जड गेलं. तिने माझ्याकडे बघितलं, खरं बोलतेय का ते तपासत. मग म्हणाली, "मला माहीत आहे."

तुझी बायको गुणी आहे. हे वाक्य लिहायला मला तीन पत्रं लागली.

तुला माझा राग आला असेल तर शिव्या दे, वाटेल ते लिही, पण लिही. गप्प राहू नकोस. गप्प राहून माणूस काय करू शकतं, ते मी करून बसले आहे.

तुझ्या पत्राची वाट बघणारी, आणि त्यात जे असेल ते वहिनीसमोर मोठ्याने वाचायला तयार असलेली,

तुझी धाकटी