उतरवलेली चूक

शुक्रवार, संध्याकाळी सात

नियम माझाच. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला बरोबर उत्तराचे मार्क, म्हणून पोरं मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उत्तर उतरवतात. म्हटलं, यंदा पाच मार्क उत्तराला नाहीत. आपली चूक प्रामाणिकपणे लिहील त्याला.

आज जर्नलं तपासली. सगळ्यांचं उत्तर १०.२ आणि सगळ्यांची चूक एकच: ब्युरेटच्या काचनळीत हवेचा बुडबुडा राहिला. बुडबुडा! वर्गात उदाहरण म्हणून मीच सांगितला होता. म्हणजे चूकसुद्धा उतरवली?

फक्त वरंध गावच्या सारिकाचं उत्तर ११.४ आणि चुकीची जागा कोरी. दुपारी विचारलं तर म्हणाली, "सर, चूक नाय केली मी. तीनदा केलं, तीनदा तेवढंच आलं. बुडबुडा नव्हताच, मग लिहू कसा?"

नियमाने तिला पाचपैकी शून्य. लिहायला हात उचलेना. कॉलेज सुटल्यावर त्याच बाटलीतलं द्रावण घेऊन स्वतः करून पाहिलं. ११.४. परत केलं. ११.४. सोमवारी वीर स्टेशनला गाडी गाठायच्या घाईत ब्युरेटचं द्रावण बनवताना पाणी जास्त घातलं ते मीच.

मग १०.२ आलं कुणाला? कुणालाच नाही, ते मागच्या वर्षीच्या जर्नलमधलं. बाकीच्यांनी ब्युरेटला हात तरी लावला का? मी नियम बदलला, की त्यांना फक्त एक ओळ जास्त उतरवायला लावली?

सारिकाच्या कोऱ्या जागेत लाल पेनाने लिहिलं, "चूक सरांची. द्रावणात पाणी जास्त पडलं."

नियमाप्रमाणे पाच मार्क आता माझे झाले. ते तिला देऊन टाकले.