दमलेली मेरी

तीर्थस्वरूप ताईस,

हात तेलाने आणि निळ्या रंगाने माखलेले असल्यामुळे नमस्कार कोपरांनीच करतो आहे, तो पोचला असं मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचं टक्कल कसं आहे? (त्याची चौकशी का, ते पुढे कळेल.) माझं म्हणशील तर ठीक चाललंय, म्हणजे पाठ, मान आणि डोळे सोडून बाकीचं.

आमच्या कारखान्यात पाचशे वर्षांपूर्वीची युरोपातली देवाधर्माची चित्रं हाताने नकलून विकतात, हे तुला ठाऊकच आहे. पण अख्खं चित्र एकट्याने कुणी करत नाही. एक जण आकाश करतो, एक जण कपडे, प्रभावळवाल्या बाई डब्याचं झाकण ठेवून डोक्यामागे गोल मारतात, आणि तोंडं माझ्याकडे. कपडेवाला स्वतःला फार मोठा कलावंत समजतो, म्हणून मी त्याच्याशी बोलत नाही. (तोही बोलत नाही, पण सुरुवात माझी.) मेरी आणि बाळ येशू हे आमचं सगळ्यात खपणारं चित्र. त्याची छापील प्रत मालक कपाटात कुलूप लावून ठेवतात, रंगाचे डाग पडतील म्हणून. त्यामुळे आमची रीत अशी, की काल झालेलं चित्र समोर ठेवायचं आणि त्यावरून आजचं करायचं. चहाचा निरोप चार तोंडांतून गेला की शेवटी कॉफी येते, तसं ते चित्र सरकत गेलं.

मला काहीच कळलं नाही. रोज तोच चेहरा बघणाऱ्याला तो बदललाय हे कसं कळणार? पण एक दिवस व्यापाऱ्याने अख्खा गठ्ठा परत आणून आपटला. म्हणाला, "ही बाई अशी बघते, की गिऱ्हाईक पाय पुसून आत येतं आणि काही न घेता जातं." मालकांनी छापील प्रत काढून शेजारी धरली आणि मला एकदम दिसलं. ताई, ती तू होतीस. जिना चढून आल्यावर, हातातली पिशवीसुद्धा खाली न ठेवता, माझी खोली बघतानाची तू. कपाळावरची आठी, वर गेलेली डावी भुवई, सगळं. आणि मांडीवर बाळ म्हणून साक्षात भावोजी. (त्या काळचे चित्रकार मुळातच बाळाच्या जागी निवृत्त हेडमास्तर काढत, तेव्हा सगळा दोष माझा नाही. पण इतकं टक्कल?) कपडेवाला हसता हसता स्टुलावरून पडला, तेवढंच काय ते समाधान.

मालकांनी मला तोंडांवरून उचलून चित्रांतल्या मेंढरांवर बसवलं. जन्म तोंडं काढण्यात गेलेल्या माणसाने लोकर काढायची! मुकाट्याने काढली. उरलेल्या वेळात छापील मेरी गिरवत राहिलो आणि एकदाची ती जमली. शांत, गोड, कुणाचीच नसलेली. मालक खूश झाले, मी तोंडांवर परत आलो, आणि नेमक्या तेव्हाच एका अनाथाश्रमाच्या मोठ्या बाई प्रार्थनेच्या दालनासाठी चित्र निवडायला आल्या. गोड मेरींवरून त्यांनी नुसती नजर फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलेला तो परत आलेला गठ्ठा उलटा केला. म्हणाल्या, "बाकीच्यांच्या मांडीवर कुणीतरी मूल आणून ठेवलंय. हिने वाढवलंय." त्यांना हीच हवी आहे, भिंतभर मोठी.

झालं. आता नेमकी तीच येत नाही. तुझी भुवई काढायला जावं तर बाई हसायला लागते. जुनं चित्र समोर ठेवून केलं तर आठी येते, पण नुसती आठीच येते, आतली माया येत नाही. मोठ्या बाई दोनदा येऊन 'ही नव्हे' म्हणून मान हलवून गेल्या. मालकांनी बजावलंय, महिनाअखेर जमलं नाही तर तोंडं कपडेवाल्याकडे जातील आणि मी कायमचा मेंढरांत. ताई, मी फार थकलोय गं.

असो. सहज आठवण आली म्हणून लिहिलं. काम असं काही नाही.

तुझा,
मेंढरांच्या उंबरठ्यावरचा धाकटा

ता. क. काम आहे. आठवडाभर येऊन माझ्यासमोर बस. निघण्याआधी विश्रांती घेऊ नकोस, गाडीतही झोपू नकोस. माझ्याकडून मदत म्हणून मी खोली अजिबात आवरणार नाही.

आणखी एक ता. क. भावोजींनाही आण. बाळासाठी लागतील. त्यांना कारण सांगू नकोस.

शेवटचा ता. क. वरचा ता. क. रद्द समज. पत्र पाकिटात घालायच्या आधी प्रभावळवाल्या बाईंनी वाचलं (त्या सगळ्यांचंच वाचतात) आणि आरसा आणून माझ्यासमोर धरला. ताई, टक्कल माझं आहे. कानही माझेच. आई गेल्यावर तू मला मांडीवर घेतलंस, ते त्या अख्ख्या गठ्ठ्यात एकाही चित्रात अजून खाली ठेवलेलं नाहीस. भावोजींना घरीच राहू दे. तू एकटी ये. बाळ इथेच आहे.