शेवटच्या वर्गाचा तमाशा

रविवार, ९ मार्च

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. माझं अक्षर पाहून दचकशील. कुणी गेलं-बिलं नाही, सगळे धडधाकट आहेत. गुडघा सोडला तर मीही. पत्ता मावशीकडून घेतला. तुझ्या हाताखाली आता तीन माणसं आहेत आणि तिथल्या निम्म्या लिफ्ट तुझ्या भरवशावर वरखाली करतात, असं ती सांगत होती. बरं वाटलं ऐकून. बाबा गेले त्याला अकरा वर्षं झाली. त्यानंतर आपण समोरासमोर आलेलो नाही, निदान एवढं तरी कळलं.

लिहायला तसं खास कारण नाही. शाळेत या आठवड्यात एक तमाशा झाला, तो कुणाला तरी सांगावा म्हटलं. इथे कुणाला सांगू? सगळेच त्यात नाचलेले.

शेवटचा वर्ग दरवर्षी शाळेचा निरोप घेतो, तुला माहीतच आहे. पूर्वी एक भाषण, एक फोटो, थोडी रडारड, की सुटले. आता त्यांना धमाल लागते. बुधवारी सकाळी गेले तर फाटकावर हा भला मोठा फलक: 'शाळा विकने आहे. शिक्षक फुकट.' इतकी वर्षं शाळेत काढून 'विकणे'तला ण येत नाही, पण फलक रंगवायला हात शिवशिवतात. शिक्षकखोलीतल्या खुर्च्या गायब आणि त्यांच्या जागी बालवर्गातल्या वीतभर खुर्च्या. भूगोलाचे सर त्यातल्या एकीत बसले, आणि उठले तेव्हा खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. घंटेच्या लोलकाला मोजा बांधलेला. शिपाई दोरी ओढून ओढून घामाघूम, घंटा मुकी. ग्रंथालयाच्या कपाटांत गजराची घड्याळं दडवलेली, दर दहा मिनिटांनी एक कोकलायचं. ही यांची प्रतिभा! यातली पाव बीजगणितात दाखवली असती तर माझे केस इतक्या लवकर पिकले नसते.

आणि आमचे लोक तरी काय! एकालाही राग नाही. मुख्याध्यापकांना मुलं 'परिपत्रक' म्हणतात, कारण हा माणूस शुभेच्छासुद्धा कागदावरून वाचून देतो. त्यांची मोटार मुलांनी जुन्या उत्तरपत्रिकांत गुंडाळून टाकली होती. हे महाशय तिच्याशेजारी उभे राहून, पोट आत ओढून फोटो काढून घेत होते. ज्याला स्वतःची किंमत नसते त्याला अपमानही सन्मानासारखा वाटतो. मी तसं बोलूनही दाखवलं. शिक्षकखोलीत शांतता पसरली. मी बोलले की पसरतेच.

दुपारी सभागृहात नकलांचा कार्यक्रम होता. मुलं, शिक्षक, पालक, सगळं मिळून चारशे माणसं. आधी परिपत्रकांची नक्कल झाली, मग भूगोलाच्या सरांची, मग खेळाच्या सरांची. ज्याची नक्कल व्हायची तोच सगळ्यात मोठ्यानं हसायचा. पाहून किळस आली.

मग एक मुलगी आली. आमच्या शाळेचे गणवेश शिवतो त्या शिंप्याची मुलगी, अंगानं काटकुळी. चष्मा नाकाच्या टोकावर, खडू रुमालात धरलेला. खडूची धूळ हाताला लागू नये म्हणून मी तसा धरते, तुला आठवत असेल. निवेदक पोरगा ओरडला, "आणि आता... पूर्णविरामबाई!" माझं हे नाव आहे हे मला त्या क्षणी कळलं. शेजारच्या चित्रकलेच्या बाईंना ते आधीच माहीत होतं. त्यांची मान खाली गेली त्यावरून समजलं.

मुलगी नुसती फिरली, एका काल्पनिक बाकाजवळ थांबली, चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाली, "बस खाली."

पुढचं वाक्य तिनं म्हटलं नाही. ते सभागृहानं म्हटलं. चारशे तोंडांनी, एका सुरात: "मानेवर झाकण हवं म्हणून डोकं दिलंय तुला!"

पहिल्या रांगेत एक आई बसली होती. वीस वर्षांपूर्वी माझ्या हाताखालून गेलेली. तीही म्हणत होती. एक शब्दही न चुकता.

मी उठून गेले नाही. शेवटपर्यंत ताठ बसले. गुरुवारी सकाळी दीड पानाची लेखी तक्रार दिली. परिपत्रकांना कागद दिला की ते लगेच हालतात. मुलीचा वर्तणुकीचा दाखला त्यांनी अडवला.

शुक्रवारी शिंपी आला. घाईत निघाला असावा, मोजमापाची फीत गळ्यातच होती. म्हणाला, "बाई, पोरीला पुढचा प्रवेश मिळालाय. सोमवारपर्यंत दाखला नाही दिला तर जागा जाईल. लहान आहे, चुकली." मुलगी त्याच्या मागे उभी. मुख्याध्यापकांनी खाकरून सांगितलं, "माफी माग."

"माफी मागते," ती म्हणाली. "पण सर, ते वाक्य माझं नाही. बाईंचं आहे."

मी विचारलं, "तुला कधी म्हटलं मी?"

"आठवीत. मंगळवारी, तिसऱ्या तासाला."

असं वार आणि तास लक्षात ठेवणारं डोकं! ते मी झाकण म्हणून टाकून दिलं होतं. मी विचारलं, "काय चुकलं होतं तुझं?"

"काही नाही. मी हात वर करून प्रश्न विचारला होता."

"कुठला?"

"आता आठवत नाही, बाई. त्यानंतर विचारलाच नाही कुठला."

शिंपी तिला गप्प बस म्हणून खुणावत होता. मी टेबलावरची तक्रार उचलली, चार तुकडे केले आणि परिपत्रकांना म्हटलं, "दाखला द्या तिचा." त्यांचा चेहरा असा खुलला, जणू सुट्टी जाहीर झाली. शिंपी हात जोडायला लागला, तर पोरीनं त्याची बाही ओढली. "चला, बाबा." माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिनं आभार मानायला हवे होते असं मला घरी येईपर्यंत वाटत होतं. घरी आल्यावर वाटलं, कशाबद्दल?

आता हे तुला का लिहितेय ते तुझ्या ध्यानात आलंच असेल. तू कधीच मठ्ठ नव्हतास. सभागृहातल्या कुणालाच माहीत नाही की ते वाक्य मी सगळ्यात आधी कुणाला म्हटलं. तुला आणि मलाच माहीत आहे.

माझं नोकरीचं पहिलं वर्ष. तू माझ्याच वर्गात, खिडकीजवळ. घरी ताई आणि शाळेत बाई म्हणायची तुला सक्त ताकीद. वर्ग माझं ऐकत नव्हता, मागची पोरं कागदाचे बोळे फेकत होती. आणि तू उभा राहून विचारलंस, "बाई, वजाला वजानं गुणलं तर अधिक का होतं? दोन वाईट गोष्टींची चांगली कशी होईल?"

बारक्या, मला उत्तर येत नव्हतं. नियम येत होता, तो का हे येत नव्हतं. पंचेचाळीस पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. तेव्हा ते वाक्य तोंडातून निघालं. वर्ग हसला. पहिल्यांदाच सगळा वर्ग माझ्या बाजूचा झाला. तुझे कान लाल झालेले मला दिसले, तरी मीही हसले. त्या हशाची मला चटक लागली. पुढची एकतीस वर्षं मी त्यावरच वर्ग सांभाळले आणि त्याला शिस्त म्हटलं.

वर्षअखेरीला तू शाळा सोडून मामाच्या कारखान्यात गेलास. आईनं मला विचारलं, "असं काय झालं गं याला?" मी म्हटलं, "त्याचं डोकं नाही अभ्यासात." आई तेच खरं धरून गेली. बाबाही. तू त्यांना काही सांगितलं नाहीस, आणि तुझं ते गप्प राहणं मी माझ्या सोयीनं वापरलं. तुझ्या लग्नाला तू मला बोलावलं नाहीस, तेव्हा 'इतका कसला ताठा?' असं मी चारचौघांत म्हणत फिरले.

उत्तर मला दुसऱ्या वर्षी एका पुस्तकात सापडलं. दहा ओळींचं आहे. तुला सांगायला हवं होतं. तू सुट्टीत घरी आलास तेव्हा वही घेऊन तुझ्या खोलीच्या दारापर्यंत आलेही होते. पण सांगायचं म्हणजे आधी मला ते येत नव्हतं हे कबूल करणं आलं. मी वही घेऊन परत फिरले.

तुझा प्रश्न बरोबर होता. इतक्या वर्षांत इतका चांगला प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारला नाही, किंवा विचारू दिला नाही मी. त्या दहा ओळी सोबतच्या कागदावर लिहिल्या आहेत. वाचाव्यात असा आग्रह नाही. उत्तरही नाही पाठवलंस तरी चालेल.

हे पत्र मी पुन्हा वाचून तपासलेलं नाही. चुका असतील, त्या तशाच पाठवतेय.

तुझी,
ताई