आत्याच्या सायकलीची बत्ती

गौलीगुडा, हैदराबाद
१२ डिसेंबर १९९४

प्रिय अरविंददादा,

नमस्कार. आत्या बरी आहे, हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. हाताचं प्लास्टर निघालं. त्याच हाताने ती पोळ्या लाटते आणि मी तव्याजवळ घुटमळलो की त्याच हाताने मला हाकलते. थंडी यंदा बरी पडली आहे. इराण्याकडे सकाळी चहाला उभं राहायला जागा नसते. तिथे एकजण मला नागपूरला संत्र्यांच्या गाडीवर कामाला ये म्हणत होता, पण ते राहू दे.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आम्ही बत्ती शोधत होतो. सायकलीची. तू म्हणशील, तुला माझ्या आईकडे पाठवलंय कशाला आणि तू करतोस काय. त्याच्यावर येतोच आहे.

तुझी कॉलेजातली हिरवी सायकल, मागच्या मडगार्डवर खिळ्याने तुझं नाव कोरलेली. टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यावर आत्याने ती जिन्याखालून बाहेर काढली आणि या वयात शिकली, हे तुला माहीत आहे. पण ती जाते कुठे, ते तू पाहिलेलं नाहीस. मला वाटायचं, भाजीला जात असेल. दादा, ती पहाटे पंजाबी ड्रेस घालते, डोक्याला तुझा जुना मफलर गुंडाळते, लंगरहौजच्या पुढे जाते आणि तिथे डांबरी सोडते. गोवळकोंड्याच्या मागे नुसतं दगडांचं रान आहे. हत्तीएवढे दगड, कोणी हौसेने रचून ठेवल्यासारखे, आणि मधून बैलगाडीची वाट. त्या वाटेने ती वरच्या कातळापर्यंत जाते. सूर्य वर आला की डब्यातली पोळी-चटणी खाते आणि उतरते. प्लास्टर निघाल्यावर पहिल्या दिवशी मी तिच्या मागे भाड्याच्या सायकलवर होतो आणि वर पोचल्यावर मला बोलता येत नव्हतं. ती म्हणाली, "काय रे, गावोगाव भटकतोस म्हणे. बसून भटकतोस की काय?"

दसऱ्याच्या सुमाराला ती पडली, ती याच चढावर. जुना डायनमो बाटलीसारखा, टायरला घासून फिरणारा. दवाने टायर ओला झाला की तो घसरतो आणि चढावर सायकल हळू झाली की बत्ती मिणमिणते. नेमकी जिथे बत्ती पाहिजे तिथेच ती नसते. दगड दिसला नाही. शेजाऱ्यांनी एसटीडीवरून तुला फोन केला आणि तू मला पाठवलंस.

तर बत्ती. सुलतान बाजारात यूसुफभाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी काचेतून एक चपटा, चकचकीत दिवा काढला. "अम्मा, तैवान का माल है. बटन दबाओ, दिन निकल जाता."

"सेल खतम हुए तो फिर रात हो जाती ना?" आत्या म्हणाली.

"अब जमाना बदल रा अम्मा. सब बाहर का आ रा."

"आने दो. मेरे कू मेरे पाँव की बत्ती होना."

यूसुफभाई हसले आणि माळ्यावरून एक चाक काढलं. जुनं विलायती. मधल्या जाड डब्यातच डायनमो बसवलेला, टायरला कुठे घासायचा प्रश्नच नाही. चाकाला मोठी गोल बत्ती जोडली. मी म्हटलं, हे फार जड आहे. आत्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने चाक जोरात फिरवलं नाही, दादा. एका बोटाने हळूच ढकललं, चढावर फिरेल तसं. बल्ब आधी लाल झाला, मग पिवळा. मी असतो तर गरकन फिरवून लखलखाट पाहिला असता आणि चुकीचं घेऊन आलो असतो. "हेच," ती म्हणाली.

काल रविवारी ते चाक लावून आम्ही गेलो. तू काढायला सांगितलेली पुण्याची तिकिटं माझ्या खिशात होती. म्हटलं, कातळावर बसली की सांगू. पण अर्ध्या वाटेत माझाच टायर बसला. काळोख होता आणि आत्याची बत्ती ती थांबली की विझते. मला पंक्चरचं भोक दिसेना. तर आत्या म्हणाली, "तू कर, मी फिरते." आणि माझ्याभोवती गोल फिरायला लागली, मोकळ्या जागेत, दगड चुकवत, अगदी सावकाश. दर फेरीला उजेड माझ्या हातांवर यायचा आणि जायचा. आणि दर फेरीला ती एकेक वाक्य बोलायची.

"अरविंदाने तुला मला न्यायला पाठवलंय ना?"

उजेड गेला. परत आला.

"तिकिटं काढलीस?"

"हौ," मी म्हटलं.

"सोल्यूशन वाळू दे. घाई नक्को."

पुढच्या फेरीला म्हणाली, "त्याला लिही, मी अंधारामुळे पडले. सायकलीमुळे नाही. अंधाराचा बंदोबस्त केलाय."

मी म्हटलं, "आत्या, तो अमेरिकेला चाललाय. घाबरतो तो."

ती थांबली. सगळं काळं झालं. अंधारातच म्हणाली, "मी पण घाबरते रे, तो इतका लांब चाललाय म्हणून. मी त्याला धरून ठेवलं का?" पुढे म्हणाली, "तो पुण्याला गेल्यावर ही सायकल जिन्याखाली उभी बघवत नव्हती. म्हणून काढली." मग पायडल मारलं आणि उजेड पुन्हा माझ्या हातांवर आला.

त्यानंतर ती नुसती फिरत राहिली. मी ठिगळ उगाच जास्त वेळ दाबून धरलं.

दादा, आज सकाळी स्टेशनवर जाऊन मी तिकिटं परत केली. रागवायचं तर माझ्यावर रागव, मला सवय आहे. तू निघायच्या आधी आत्या पुण्याला येणार आहे, लाडू घेऊन, आणि परतीचं तिकीट इथूनच काढून. तेव्हा तिच्यासाठी घेतलेला फ्लॅट तिला दाखव, पण थांब म्हणू नकोस. थंडी आहे तोवर मी इथे आहे. चढावर मी तिच्या मागेच असतो, पुढे जाणं मला जमत नाही. नागपूरची संत्री कुठे पळून जात नाहीत.

मडगार्ड रंगवून देतो म्हटलं तर आत्या नको म्हणाली. तुझं नाव तसंच आहे.

आत्याच्या बत्तीमागून येणारा,
तुझा गौतम