वाटीनं न निघालेलं ऊन

संघमित्राची आई,

कूलरमधी पानी भरून ठेवलं आहे. बजारातून आली की खिडक्या लावून घेजो. मले शोधत उन्हात फिरू नोको, मी जेवाच्या टायमाले येतो. तू दिलेला कांदा खिशात आहे.

रोज तू काशाच्या वाटीनं माहे तळवे घासते. ते काळे झाले की म्हनते, "पाहा, ऊन निघालं." पन मले समजूनच नाही राहिलं, हे ऊन लागलं कुठं? जलमभर नांदगावची एसटी चालवली, भर मे महिन्यात, तापल्या इंजिनाच्या बाजूले बसून. तवा कधी खिशात कांदा ठेवा लागला नाही. अन् आता रिटायर होऊन पहिलाच उन्हाळा, पडदे लावून कूलरपुढं बसलो, तर आंग काहून गळून गेलं? जेवन नको वाटते. झोप येत नाही. काल पोरीचा फोन आला, तर उगाच रडू आलं. आवाज येत नाही म्हनून सांगतलं अन् ठेवून देला.

वाटीनं निघनारं असतं तर आतापर्यंत निघालं असतं.

म्हनून दवाखान्यात चाललो, मनाच्या डॉक्टरकडे. त्यायले काय सांगावं, तेही अजून समजलं नाही. तुले सोबत नेलं नाही, राग मानू नोको. तू बाजूले बसली असली की कोनी काही इचारलं तरी माह्या तोंडून "बरं वाटते" एवढंच निघते.