राणी मेली नव्हती

प्रिय ताई,

तुला पत्र लिहिण्याची मला सवय नाही. सकाळी एकाच ओटीवर चहा पिणारी माणसं एकमेकांना पत्रं कशाला लिहितील? आता तू जिथे आहेस तिथे पत्र पोचतं की नाही, याला ग्रंथाधार मला अजून मिळालेला नाही. तरी लिहितो, कारण बातमीच तशी आहे. आपल्या देवळाच्या कार्तिक उत्सवात दुसऱ्या दिवसाची कीर्तनसेवा पंचांनी तुझ्या जपानी आख्यानाला दिली. उत्सव चार दिवसांवर आलाय. आणि ते आख्यान सांगणार कोण, तर मी. जरा टेकून बस, मग पुढे वाच.

तू म्हणशील, वसंता, तुझा आवाज म्हणजे रहाटाला तेल नसल्यासारखा. मान्य आहे. पंचांनीही हेच म्हटलं, फक्त रहाटाचं नाव न घेता.

सगळं क्रमाने मांडतो. तुला माहीत असलेलंच आहे, पण क्रम लावल्याशिवाय माझी चूक कुठे झाली ते मला सापडत नाही. शाळामास्तराची खोड.

गेल्या वर्षी वैशाखात मोहल्ल्यातल्या हसीनाकडे ती कॅसेट आली. तिचा नवरा इक्बाल मालवाहू बोटीवर. रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर त्याने आधीच्या सुटीत आणला होता. आता जपानच्या बंदरातून पोरांसाठी हा चित्रपट धाडला. सगळा हाताने काढलेल्या चित्रांचा, आणि सगळा जपानीत. हसीना आपल्या ओटीवर येऊन बसली.

"काकू, पोरा बघतात नि मलाच इचारतात, काय चाललाय? मी काय सांगू? तुमी या नि सांगा."

"अगो, मला तरी कुठे जपानी येतं?"

"गोष्टी तर येतात ना तुमाला."

भावोजी गेल्यावर तू माहेरी आलीस, कीर्तन शिकलीस आणि बावीस वर्षं आपल्या देवळात उभी राहिलीस. गोष्ट येत नाही असं म्हणणं तुझ्या जिभेला कधी जमलंच नाही.

तुझ्यामागून आपली आळी निघाली. रविवारची दुपार. हसीनाच्या अंगणातल्या मांडवाला चारी बाजूंनी चादरी बांधून अंधार केलेला. पुढे पोरं, मागे मोहल्ल्यातल्या आणि आळीतल्या मिळून चाळीसेक बायका, आणि सगळ्यांत मागे दहावीचे पेपर मांडीवर घेऊन मी. माझ्या येण्याचं कारण मी 'तुला सोबत' असं सांगितलं होतं. ते खोटं होतं हे तुला तेव्हाच कळलं असणार.

तू टीव्हीच्या बाजूला उभी राहिलीस, पदर खोचलास आणि सुरू झालीस. पडद्यावर एक बेट. तिथला वारा थांबलेला. शिडं लोंबतायत, भात वाळतंय. कापडाचे पंख लावलेल्या होडीत बसून केस कापलेली, विजार घातलेली एक बारा-तेरा वर्षांची मुलगी वारा शोधायला निघते. सोबत एका पायाचा, सतत कुरकुरणारा बगळा. "हा हिचा धाकटा भाऊ असावा," असं तू म्हणालीस आणि माझ्याकडे बघितलंस. बायका हसल्या. मी पेपरावर लाल रेघ मारली. बिचाऱ्या विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर होतं.

मग समुद्र उकलला आणि आख्खं बेट पाठीवर घेतलेलं कासव वर आलं. गोदूकाकूंनी हात जोडले. दुसऱ्या कुणीतरी उठून टीव्हीवर जास्वंद ठेवली. तू गंभीरपणे म्हणालीस, "कूर्मावतार."

हसीनाने विचारलं, "तुमचा देव जपानात कसा गेला, काकू?"

"समुद्र एकच ना गो."

मी मागून हळूच म्हटलं की कूर्म आला तर मंदार पर्वत पाहिजे, वासुकी पाहिजे. तू मान न वळवता म्हणालीस, "वसंता, पेपर तपास."

पुढे राणी आली. बर्फातल्या शहराची राणी, लांब लाल नखांची, मोठ्याने हसणारी. कासवाच्या पाठीखाली विस्तव आहे, तो तिला हवा. त्यासाठी तिची माणसं पाठीला भोक पाडू लागली. तू तिला बघताक्षणी राक्षसी ठरवलंस. तिची बाजू कोण मांडणार? मुलगी पंखांची होडी घेऊन राणीच्या शहराकडे वळली आणि नेमकी त्याच वेळी लाईट गेली.

पाऊण तास वाट बघितली. पोरं चुळबुळ करायला लागली. कुणीतरी म्हणालं, काकू, शेवट तुम्हीच सांगा. आणि तू सांगितलास. मुलीने कासवाच्या कानात हाक मारली, कासवाने लाट उठवली, राणी नखांसकट बुडाली, वारा सुटला. काय सांगितलंस ते! लाटेच्या वेळी पुढची पोरं मागे सरकली होती. बायका समाधानाने घरी गेल्या. मीसुद्धा. राक्षसिणीचं काय व्हायचं ते झालं होतं.

दोन दिवसांनी हसीनाने तुला उरलेला भाग दाखवायला बोलावलं. मीही आलो, या वेळी पेपर नव्हते, सोबतीचं कारणही नव्हतं. मुलगी शहरात उतरते. तिथे थंडीने खोकणारी पोरं, एका चुलीभोवती दाटीने बसलेली. राणी त्यांच्यात फिरतेय, हातमोजे काढून एकेकाचं कपाळ बघतेय. विस्तव तिला त्यांच्यासाठी हवा होता. मुलगी तिला होडीत घालून कासवाच्या पाठीवर आणते, तिचा कान पाठीला लावायला सांगते. आत काळीज धडधडतंय. राणी तिथेच खाली बसते. मग कासव स्वतःहून एक श्वास सोडतं, ऊन ऊन. त्याचाच वारा होतो, आणि तो बेटावरही जातो आणि बर्फातल्या शहरावरही.

कुणीच मेलं नाही. चित्रपट संपला आणि तू रिकाम्या पडद्याकडे बघत राहिलीस.

"वसंता, मी बाईला उगीच मारली रे."

मी म्हणालो, "कार्टून आहे, ताई. शिवाय काल्पनिक राणी. पातक लागत नाही."

"चाळीस घरांत ती मेली आहे," असं म्हणून तू चपला घातल्यास.

त्यानंतर तू जे केलंस ते मी जन्मात विसरणार नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं करावं तशी तू घरोघर गेलीस. आधी मोहल्ला, मग आपली आळी, चार दिवस. प्रत्येक दारात उभं राहून तेच सांगितलंस: "परवा मी शेवट चुकीचा सांगितला हो. राणी मेली नाही. मी न बघता मारली." काहींनी हसून चहा दिला. काहींना ते पटलं नाही. गोदूकाकूंचं म्हणणं होतं, मेली तेच बरं झालं. तिथे तू दीड तास बसून खोकणारी पोरं समजावून सांगितलीस. उठताना काकू म्हणाल्या, "बरं, जिवंत राहू दे. पण नखं कापायला सांग तिला." हे तू घरी येऊन विजयी मुद्रेने सांगितलंस. मग दर रविवारी हसीनाच्या अंगणात तेच आख्यान खऱ्या शेवटासकट सांगू लागलीस.

ताई, मी पंचवीस वर्षं संस्कृत शिकवतोय. या काळात फळ्यावर चुकीचा अर्थ मी कितीदा सांगितला असेन? दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन 'काल मी चुकलो' असं एकदाही म्हटलेलं नाही. मुलं विसरतील अशी वाट बघत बसलो. तू दारोदार गेलीस, तेही अशा बाईसाठी जी कागदावर रंगवलेली होती.

म्हणून गेल्या वर्षीच्या भाद्रपदातली पंचांची ती बैठक जास्त बोचते.

तू पंचांना सांगितलंस की या वर्षी दुसऱ्या दिवशी हेच आख्यान लावणार. अध्यक्ष अण्णा हबकले. पुराणातलं नाही, परदेशी, वर राक्षसवध नाही. तू म्हणालीस, "गोष्ट देवापुढे सांगण्यासारखी आहे. एवढं पुरे नाही का?" अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "शास्त्रीबुवा, तुम्ही बोला. याला आधार आहे?"

एक 'हो' पुरलं असतं. मी उपरणं सारखं केलं आणि म्हणालो, "ग्रंथ बघावे लागतील."

तुझा दिवस बाहेरगावच्या एका बुवांना गेला. येताना वाटेवर तू एकच विचारलंस, "ग्रंथ बघायला किती दिवस लागतात रे?" पुन्हा तो विषय काढला नाहीस. कार्तिकात त्या बुवांच्या कीर्तनाला पहिल्या ओळीत बसलीस, मध्यंतराला हार घालायला तूच उठलीस. बुवांना माहीतही नव्हतं की ते कुणाच्या जागी उभे आहेत. मी खांबाआडून बघत होतो. रागावली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

फाल्गुनात एका दुपारी जेवून आडवी झालीस ती उठलीच नाहीस. ग्रंथ मी तोवर उघडलेही नव्हते.

या भाद्रपदात बैठक भरली तेव्हा मी न विचारता उभा राहिलो. म्हणालो, "गेल्या वर्षी मी ग्रंथ बघतो म्हणालो होतो. बघितले नाहीत. बघण्याची गरजही नव्हती. मी तुम्हाला घाबरलो." अण्णांनी चष्मा काढला. मग मी त्यांना सांगितलं की आपल्याकडे राक्षसाला आधी मारतात आणि मग मोक्ष देतात. त्या लोकांनी मधली पायरी तेवढी गाळली आहे. यात अशास्त्रीय काय?

शेवटी अण्णा म्हणाले, "पण सांगणार कोण?"

"मी."

"शास्त्रीबुवा, गाणं?"

"गाणं नाही. गोष्ट आहे."

अण्णांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "आमच्या घरीही आल्या होत्या त्या. राणी जिवंत आहे म्हणून सांगायला. लिहा, दुसरा दिवस."

तेव्हापासून रोज संध्याकाळी हसीनाच्या पडवीत तालीम चालली आहे. इक्बाल सुटीवर आलाय. त्याला जपानी येतं ते बंदरात रस्ता विचारण्यापुरतं, पण पोरांच्या तोंडून तुझं आख्यान ऐकून आणि कॅसेट पुन्हा लावून त्याने निकाल दिला: "काकूंनी शब्द सगळे सोडले, मास्तर. गोष्ट नाय सोडली." माझ्या सगळ्या पदव्या एकत्र केल्या तरी असं प्रशस्तिपत्र मला मिळालेलं नाही.

काल शेवटाशी आलो. राणी खाली बसते तेव्हा मुलगी वाकून तिच्या कानात काहीतरी सांगते, ते पडद्यावरही ऐकू येत नाही. मी तिथे एक श्लोक घातला होता. स्वतः रचलेला, शार्दूलविक्रीडित, चारही चरण निर्दोष. हसीनाने मध्येच हात वर केला.

"मास्तर, काकू इथं काय बोलत नव्हत्या."

"मग काय करायची?"

"गप राहायच्या. आमी आपलं आपलं ऐकायचो."

तिने काय ऐकलं असेल, हे मी विचारलं नाही. श्लोक कापला. दुखलं, खोटं कशाला सांगू?

ताई, त्या दिवशी देवळात आळी असेल, आणि बाहेरच्या पायऱ्यांवर हसीनाचं घर असेल. अण्णांनीच तिथे सतरंजी घालायला सांगितली आहे. आवाज फाटेल, ताल चुकेल, तू असतीस तर हसू दाबलं असतंस. चुकलो तर दुसऱ्या दिवशी सकाळी दारोदार जाऊन सांगेन. आणि त्या जागी आलो की मी एक अक्षरही बोलणार नाही. सगळ्यांना पुरेल इतका वेळ गप्प उभा राहीन. एवढं वचन देतो.

तुझा, कुरकुर कमी करण्याच्या प्रयत्नात असलेला,
वसंता