पाठीमागची ठिणगी

३ डिसेंबर
आज या घरात कामाला लागले. बरं वाटतंय, खूपच. गल्ली जुनी होती तशीच जपली आहे. लाकडी जाळ्या, ओली फरसबंदी, फोटो काढणारे पाहुणे. त्यांना वरची बैठकीची खोली दाखवायची, चहा द्यायचा, एवढंच माझं काम. माझी लेक किनुए पंधराव्या वर्षी गेइशा व्हायला इथे आली. गेल्या हिवाळ्यात बैठकीला जाताना पुलावरून घसरून नदीत गेली. तिचं तीन तारांचं वाद्य, शामिसेन, अजून भिंतीवर आहे. पुसून ठेवलं. स्वयंपाकीण ओतामा म्हणाली, मावशी, पोरीनं तुमचं नाक घेतलं असतं तर तिला एकही बैठक मिळाली नसती. किती दिवसांनी हसले.

८ डिसेंबर
संध्याकाळी बैठकीला निघताना इथल्या मुली दारात पाठ करून उभ्या राहतात. मालकीणबाई शिझुयो प्रत्येकीच्या उजव्या खांद्यामागे चकमक झाडतात. गेलेली सुखरूप परत यावी म्हणून. किनुएच्या मागे त्या दिवशी कोण होतं, मी विचारलं. बाई पेला हातात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, मी वर होते, हाक ऐकली नाही. बर्फ पडत होता. ती थोडी थांबली असेल, मग तशीच गेली.

१३ डिसेंबर
मुली गेल्यावर दार लावायला गेले. एक मागे राहिली होती. पाठ माझ्याकडे. मानेवर पांढरा रंग, कानामागे तीळ. बाह्यांतून पाणी गळत होतं.
माझी मुलगी वाट बघत उभी होती. मी चकमक झाडली. ती वाकली आणि बाहेर गेली.

१४ डिसेंबर
परत आली.

१८ डिसेंबर
रोज येते. मी रोज झाडते. आज मालकीणबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, तोवाबाई, अहो, त्या दिवशी राहिलेली ठिणगी मागायला ती आली होती. पण ठिणगी पडली की परत यावंच लागतं तिला. एकदा हात रिकामे ठेवा, सुटेल. मग मला दिसणार नाही ना, असं मी विचारलं. नाही, म्हणाल्या.

२१ डिसेंबर
मानेचा रंग सुटतोय. त्याखालची कातडीही. तीळ होता तिथे आता काही नाही.
उभी मात्र ताठ राहते. शिकवलं होतं तशी—

२३ डिसेंबर
मान न वळवता बोलली. दर वेळी नदीच्या तळातून चढून यावं लागतं, म्हणाली. नखं उरली नाहीत. आज नको, म्हणाली.
झाडली.

२४ डिसेंबर
पुलापासून ऐकू येतं. चालण्याचा आवाज नाही तो. सरपटत—

२५ डिसेंबर
दारात आहे. उभं राहता येत नाही तिला. तरी पाठच माझ्याकडे.
लिहीत बसले आहे. चकमकीला दोन हात लागतात. लेखणी धरली आहे तोवर दगड उचलता येणार नाही.
जा, बाळा—
उंबरठ्यावर हात टेकला. बाहेर सरकतेय. किती हळू—
लेखणी घट्ट धरली आहे. पाठ दिसत नाही आता. फक्त टाच. किनू, थांब, एवढ्या वेळेस—